कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरचे नाव : कमला नारायण भागवत; जन्म : इंदूर, १८ जून १९११; मृत्यू : नवी दिल्ली, १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. वनस्पतींच्या पेशींतील श्वसनाशी संबंधित विकरे, कडधान्यांतील प्रथिने आणि नीरेतील पोषकद्रव्ये हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होत. केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी १९३९ मध्ये मिळवली. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या पहिल्या महिला संचालक होत्या. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहकसंघटनेच्या संस्थापक सदस्यांत त्यांचा समावेश होतो. लोकसाहित्याच्या अभ्यासक व लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

विज्ञानातील पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख सर्वत्र आढळतो. हा उल्लेख थोडा जपून वाचावा. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली होती. पदवीचे नाव वेगळे असल्यामुळे दोन्ही विधाने आपापल्या जागी उभी राहतात; तथापि कमलाबाईंचे मोठेपण पहिलेपणावर अवलंबून नाही.

घराणे आणि शिक्षण

भागवतांच्या घरात रसायनशास्त्र नांदत होते. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेतून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. जमशेटजी टाटा यांच्या संकल्पातून १९०९ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत प्रत्यक्ष अध्यापन सुरू झाले ते १९११ मध्ये, म्हणजे कमलाबाईंच्या जन्माच्याच वर्षी. घरात मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. दुर्गाबाई साहित्य आणि लोकसंस्कृतीकडे वळल्या आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. कमलाबाईंनी वडिलांचा विषय उचलला.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या. वडील आणि चुलते ज्या संस्थेत शिकले, तेथेच संशोधन करायचे हे मनाशी ठरलेले होते. गुणवत्तेत काही उणे नसल्यामुळे प्रवेश मिळेल याविषयी त्यांना शंका नव्हती.

बंगळूर : प्रवेशाचा प्रश्न

त्या वेळी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवलेले रामन १९३३ मध्ये संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी नाकारला. कारण गुणांचे नव्हते; स्त्रिया संशोधनासाठी पुरेशा सक्षम नसतात, ही संचालकांची धारणा आड आली. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण मागितले. समाधान होईना तेव्हा त्यांनी रामन यांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह आरंभला. देशात गांधीजींच्या चळवळीचे वातावरण होते. सरकारविरुद्ध वापरण्याचे साधन बावीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने एका विज्ञानसंस्थेच्या दारात वापरावे, हे त्या काळालाही नवीन होते.

अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. ते वर्ष परीक्षेचे. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. शिवाय प्रयोगशाळेचे वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ नये, अशीही अट होती. पहिल्या दोन अटी कष्टाच्या होत्या, तिसरी मात्र मानहानीची. कमलाबाईंनी तिन्ही मान्य केल्या. तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयात महिला शास्त्रज्ञांनी केलेल्या एका सत्काराच्या वेळी त्यांनी हा प्रसंग स्वतःच सांगितला आणि रामन थोर शास्त्रज्ञ असले तरी त्यांची दृष्टी या बाबतीत संकुचित होती, असे मत मांडले.

वर्षभराच्या कामानंतर रामन यांनी त्यांची नियमित नोंदणी मान्य केली आणि पुढे संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. या घटनेचे वर्णन पुष्कळदा दार उघडले अशा शब्दांत केले जाते. दार उघडले हे खरे. पण पुरते नव्हे. १९४० मध्ये त्याच संस्थेत रामन यांच्याकडे संशोधन करू लागलेल्या ॲना मणी यांनी प्रबंध सादर केला, तेव्हा एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही.

कमलाबाईंचे मार्गदर्शक होते एम. श्रीनिवासय्या. ते कडक शिस्तीचे होते. विद्यार्थिनी म्हणून त्यांनी सवलत दिली नाही आणि आडकाठीही केली नाही. त्यांच्याकडे कमलाबाईंनी निवडलेला विषय घरगुती म्हणावा असा होता : कडधान्ये. मटकीसारख्या धान्यातील ग्लोब्युलिन प्रथिने कोणती, डाळींतील एकूण नायट्रोजनापैकी प्रथिनांबाहेरचा नायट्रोजन किती, अशा प्रश्नांवर त्यांनी काम केले. नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचे प्रमाण काढण्याची पद्धत तेव्हा रूढ होती, आजही आहे. मात्र सगळा नायट्रोजन प्रथिनांतलाच असतो असे गृहीत धरले, तर डाळीचे पोषणमूल्य प्रत्यक्षाहून अधिक दिसते. मांसाहार न करणाऱ्या किंवा तो न परवडणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या जेवणात प्रथिने येतात ती मुख्यतः डाळींतून. म्हणून ही चूक केवळ कागदावरची राहत नाही. या कामावर १९३६ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाल्या.

केंब्रिज

१९३७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. केंब्रिजमध्ये त्यांचे महाविद्यालय न्यूनहॅम होते आणि प्रयोगशाळा सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची. शुद्ध केलेली प्रथिने, स्निग्ध पदार्थ, पिष्ट आणि क्षार एवढ्यावर पोसलेल्या उंदरांची वाढ खुंटते आणि त्यात थोडेसे दूध घातले की ती पुन्हा सुरू होते, हे हॉपकिन्स यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. दुधातल्या त्या अल्पांशाला पुढे जीवनसत्त्वे हे नाव मिळाले. या कामाबद्दल हॉपकिन्स यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक आइकमान यांच्यासमवेत विभागून मिळाले. त्या काळी स्त्रियांना आपल्या प्रयोगशाळेत मोकळेपणाने काम करू देणाऱ्या मोजक्या प्राध्यापकांपैकी ते होते. बंगळूरच्या अनुभवानंतर कमलाबाईंना हा बदल किती मोठा वाटला असेल, याची कल्पना करता येते.

प्रयोगशाळा मात्र भरलेली होती. त्यांच्या चरित्रात असे नमूद आहे की, डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना वापरायला दिले आणि स्वतः रात्री काम करण्याची तयारी दाखवली. रिक्टर यांच्याबरोबरच्या कामातून १९३८ आणि १९३९ मध्ये बायोकेमिकल जर्नलमध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९३९ चा निबंध हर्मन ब्लाश्को, रिक्टर आणि कमला भागवत या तिघांचा असून तो अमाइन ऑक्सिडेज या विकराविषयी आहे. ॲड्रेनॅलिनसारख्या अमाइनांचे शरीरात विघटन करणारे हे विकर आज मोनोअमाइन ऑक्सिडेज या नावाने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. कमलाबाईंच्या मराठी चरित्रलेखांत या निबंधाचा उल्लेख क्वचितच येतो. वास्तविक तो त्यांच्या केंब्रिजमधील कामाचा महत्त्वाचा भाग आहे.

रिक्टर अन्यत्र गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. हिरव्या पानांतील हरितलवके पेशीबाहेर काढली तरी प्रकाशात ऑक्सिजन सोडतात, हे हिल नेमक्या त्याच सुमारास दाखवत होते. प्रकाशसंश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकात येणारी हिल अभिक्रिया ती हीच. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी घेतलेला प्रश्न मात्र श्वसनाचा होता.

प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशींत सायटोक्रोम नावाची लोहयुक्त रंगद्रव्ये असतात आणि अन्नाच्या ज्वलनातून निघालेले इलेक्ट्रॉन त्यांच्यामार्फत ऑक्सिजनपर्यंत पोचतात, हे केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी १९२५ पासून दाखवले होते. वनस्पतींच्या बाबतीत मात्र चित्र स्पष्ट नव्हते. कापलेला बटाटा हवेत काळा पडतो. हे काम करणारे फिनॉल ऑक्सिडेज हे विकर वनस्पतींत इतके विपुल आढळते की, वनस्पतींचे श्वसन त्याच्याच आधारे चालत असावे असे मानणारा एक पक्ष होता. कमलाबाईंनी बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतींवर प्रयोग करून तेथेही सायटोक्रोम क आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन स्वीकारणारे सायटोक्रोम ऑक्सिडेज कार्यरत असल्याचे दाखवले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीचे हिल व भागवत यांचे टिपण १९३९ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

सायटोक्रोम क चा शोध कमलाबाईंनी लावला, असे विधान अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. सायटोक्रोमांची ओळख केलिन यांनी पटवली. श्वसनाची ही यंत्रणा वनस्पतिसृष्टीतही आहे, म्हणजे झाड, यीस्ट आणि माणूस यांच्या पेशी अन्नातून ऊर्जा काढण्यासाठी एकच मार्ग वापरतात, या आकलनात कमलाबाईंचा वाटा आहे. न लावलेल्या शोधाचे श्रेय देण्यापेक्षा केलेल्या कामाचे श्रेय नीट देणे अधिक योग्य.

प्रबंध अवघा चाळीस टंकलिखित पृष्ठांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत तो पूर्ण झाला. त्यावर त्यांना पीएच.डी. मिळाली.

दिल्ली आणि कुन्नूर

१९३९ मध्ये भारतात परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनी काही काळ काम केले. तेथून त्या निलगिरीतील कुन्नूर येथे न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांच्या संशोधनातून उभी राहिलेली ही प्रयोगशाळा आहार आणि रोग यांच्या संबंधाचा अभ्यास करणारे देशातील प्रमुख केंद्र होती. पुढे ती हैदराबादला हलली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. कुन्नूरमध्ये कमलाबाईंचे काम जीवनसत्त्वांच्या परिणामांविषयी होते. १९४७ मध्ये विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या.

मुंबई : वाल आणि नीरा

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू होत होता. तेथे प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. येथून पुढे त्यांच्या संशोधनाची दिशा निश्चित झाली ती अशी : सामान्य माणसाच्या ताटात जे पडते, त्याचे रसायन तपासायचे. विद्यार्थ्यांना विषयही तसेच दिले गेले. परदेशी नियतकालिकांत गाजणारे विषय हाताशी असताना त्यांनी कडधान्ये, तांदूळ आणि ताडामाडाचा रस निवडला, ही त्यांची स्वतःची निवड होती.

कडधान्यांच्या कामात त्यांचे लक्ष ट्रिप्सिनरोधकांकडे गेले. अन्नातील प्रथिने पचवण्यासाठी स्वादुपिंडातून ट्रिप्सिन हे विकर स्रवते. काही कडधान्यांत असे प्रथिन असते की, जे ट्रिप्सिनला चिकटून त्याचे काम थांबवते. म्हणजे धान्यात प्रथिने भरपूर असूनही कच्च्या स्वरूपात ती नीट अंगी लागत नाहीत. भारतीय खाद्यपदार्थांतील अशा रोधकांची त्यांनी सहकाऱ्यांसह पाहणी केली. १९५५ मध्ये वाल आणि डबल बीन यांतील ट्रिप्सिनरोधके स्फटिकरूपात वेगळी केल्याची माहिती त्यांनी एका सहकाऱ्यासह नेचरमध्ये दिली. एखादे प्रथिन स्फटिकरूपात मिळणे म्हणजे ते शुद्ध रूपात हाती येणे. त्या काळच्या मुंबईतील साधनसामग्री लक्षात घेता हे काम सोपे नव्हते.

वाल हे धान्य महाराष्ट्राला परके नाही. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने खाली उतरले की लागणाऱ्या रायगड जिल्ह्यात भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर वाल घेतला जातो. तो भिजवून, मोड आणून, सोलून त्याचे बिरडे करतात. शिजवण्याच्या उष्णतेने ट्रिप्सिनरोधकाचा बराचसा भाग निकामी होतो आणि मोड आल्यानेही काही धान्यांत त्याचे प्रमाण घटते. घरोघरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जे करत आल्या, त्यामागचे रसायन अशा संशोधनातून समजले.

नीरेवरील संशोधन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाले. शिंदी, ताड, माड अशा झाडांचा पहाटे उतरवलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढू लागले की ती आंबते आणि तिची ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि सूर्योदयापूर्वी रस उतरवून थंड ठेवतात. दारूबंदीच्या धोरणामुळे ताडी काढणाऱ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला होता आणि त्यावरचा एक उपाय म्हणून नीरेकडे पाहिले जात होते. नीरा केवळ गोड पाणी आहे की तिच्यात पोषण आहे, हे सांगण्याची जबाबदारी कमलाबाईंवर आली. तिच्यात अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांच्या प्रयोगशाळेत आढळले. नीरा आटवून केलेल्या ताडगुळाचा अभ्यासही त्यांनी केला. आदिवासी भागातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेची भर घातल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्धप्रकल्पाच्या प्रशासनालाही त्यांनी दुधाच्या प्रतीविषयी सल्ला दिला.

हाताळलेल्या प्रथिनांविषयी पुढे समजलेले

कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये ज्या दोन विकरयंत्रणा तपासल्या, त्यांची पेशीतली नेमकी जागा आणि त्या जागी ती प्रथिने पोचतात कशी, हे विज्ञानाला पुढच्या काळात समजले. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही प्रथिने पाठ्यपुस्तकात भेटतात. म्हणून त्यांचा पुढचा इतिहास येथे थोडक्यात देणे उपयुक्त ठरेल.

पेशीतील बहुतेक प्रथिने पेशीद्रवात रायबोसोमवर तयार होतात. त्यांपैकी पुष्कळांना एखाद्या पटलात, पटलापलीकडे किंवा पेशीबाहेर जायचे असते. कोठे जायचे हे प्रथिनाच्या स्वतःच्या ॲमिनो आम्लांच्या क्रमातच लिहिलेले असते, पाकिटावर पत्ता असावा तसे. हे तत्त्व मांडून सिद्ध केल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अमाइन ऑक्सिडेज हे विकर तंतुकणिकेच्या बाह्य पटलात असते. त्याचा पत्ता साखळीच्या शेपटाकडे असतो. तयार झालेले प्रथिन शेपटाकडचा भाग पटलात रोवून उभे राहते आणि त्याचा मोठा भाग पेशीद्रवाच्या बाजूस राहतो. या विकराच्या मुळाशी एक जीवनसत्त्वही आहे. रायबोफ्लाविन म्हणजे ब२ जीवनसत्त्वापासून पेशी एफएडी हा सहविकर बनवते आणि तो या प्रथिनातील एका सिस्टीनला कायमचा जोडलेला असतो. जीवनसत्त्व धारण करणारे आणि पटलात रोवलेले प्रथिन म्हणजे काय याचे हे चांगले उदाहरण आहे. १९३९ मध्ये हे काहीच माहीत नव्हते. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेतील जीवनसत्त्वाचा विषय आणि रिक्टर यांच्या टेबलावरचा विकराचा विषय एकमेकांना लागून होते, हे कोणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते.

सायटोक्रोम क ची कथा वेगळी आहे. त्याची साखळी पेशीद्रवात हीम या लोहयुक्त घटकाविना तयार होते. पुढे कापून टाकला जाणारा पत्त्याचा तुकडा तिला नसतो. तंतुकणिकेच्या बाह्य पटलातील प्रवेशमार्गाने ती आत शिरते आणि दोन पटलांमधील जागेत तिला हीम जोडले जाते. हीम जोडल्यावर साखळीला पक्की घडी पडते आणि ती आतच अडकते. त्यानंतर ती आतील पटलाच्या बाहेरच्या पृष्ठाशी सैलसर चिकटून इलेक्ट्रॉनांची ने-आण करते. प्राण्यांत हीम जोडण्याचे काम एक विकर करते. वनस्पतींत मात्र त्यासाठी जिवाणूंसारखी, अनेक प्रथिनांची यंत्रणा आहे. म्हणजे वनस्पतींत आणि प्राण्यांत एकच म्हणून ओळखले गेलेले प्रथिन दोन निराळ्या कारागिरांकडून तयार होते. १९९६ मध्ये असेही दिसून आले की, हेच सायटोक्रोम क तंतुकणिकेतून निसटून पेशीद्रवात आले, तर पेशीचा नियोजित मृत्यू सुरू होतो.

रक्तातून जीवनसत्त्वे वाहून नेणाऱ्या प्रथिनांचा संबंध कमलाबाईंच्या मुंबईतील कामाशी अधिक जवळचा आहे, जरी त्यांनी स्वतः या प्रथिनांवर काम केले नव्हते. अ जीवनसत्त्व यकृतात साठते. तेथून डोळ्यापर्यंत जाण्यासाठी त्याला रेटिनॉलवाहक प्रथिन लागते. यकृताच्या पेशीत हे प्रथिन अंतर्द्रव्यजालिकेत तयार होते आणि रेटिनॉल बांधले गेल्यावरच तेथून सुटून पेशीबाहेर पडते. रेटिनॉल नसेल तर ते जालिकेतच अडून राहते. रक्तात ते ट्रान्सथायरेटिन या दुसऱ्या मोठ्या प्रथिनाला बिलगून फिरते, त्यामुळे मूत्रपिंडावाटे वाहून जात नाही. डोळ्यातील पेशींच्या पटलावर त्याला ओळखणारा ग्राही असल्याचे २००७ मध्ये स्पष्ट झाले.

यातून आहाराविषयी एक गोष्ट निघते. आहारात प्रथिनांची तीव्र उणीव असेल, तर यकृत हे वाहक पुरेसे बनवू शकत नाही आणि साठ्यात अ जीवनसत्त्व असूनही ते ऊतींपर्यंत कमी पोचते. कुपोषित मुलाला नुसते जीवनसत्त्व देऊन भागत नाही, डाळही लागते. कमलाबाईंनी कडधान्यांतील प्रथिनांची पचनीयता आणि नीरेतील जीवनसत्त्वे हे दोन विषय एकाच प्रयोगशाळेत चालवले, तेव्हा कुपोषणाच्या या दोन्ही बाजू त्यांच्यासमोर होत्या.

ज्या बंगळूरच्या संस्थेने त्यांना अटींवर घेतले, तेथेच पी. आर. अडिगा यांनी पुढे रायबोफ्लाविनवाहक प्रथिनावर महत्त्वाचे संशोधन केले. कोंबडीच्या यकृतात स्त्रीसंप्रेरकाच्या प्रभावाने तयार होणारे हे प्रथिन रक्तातून अंडपेशीपर्यंत जाते, तिच्या पटलातून आत घेतले जाते आणि बलकात ब२ जीवनसत्त्व पोचवते. ज्या कोंबड्यांत जन्मजात दोषामुळे हे प्रथिन तयार होत नाही, त्यांच्या अंड्यांतील पिल्ले उबवणीच्या मध्यावरच मरतात.

संचालकपद

मुंबईच्या संस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले खरे, पण पात्रता असूनही त्यासाठी सुमारे चार वर्षे थांबावे लागले. विलंबाचे कारण त्यांचे स्त्री असणे हेच होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. बंगळूरच्या प्रसंगाची चर्चा फार होते, या चार वर्षांची मात्र होत नाही. पहिला अन्याय नोबेलविजेत्याच्या नावाशी जोडला गेला म्हणून लक्षात राहिला. दुसरा कागदपत्रांतल्या दिरंगाईतून झाला, म्हणून विस्मृतीत गेला. वास्तविक पहिल्या वेळी त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि हाती दाखवण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या वेळी केंब्रिजची पदवी, नेचरमधील निबंध आणि घडवलेले विद्यार्थी असे सारे असूनही थांबावे लागले.

ग्राहकचळवळ

१९६६ मध्ये मुंबईतील नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. कमलाबाई त्यांपैकी एक होत्या. अन्नातील भेसळ, वजनमापातील लबाडी आणि मालाची प्रत हे या संस्थेचे विषय होते. देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला तो १९८६ मध्ये. म्हणजे वीस वर्षे ही संस्था कायद्याच्या आधाराविना काम करत होती. कमलाबाईंचे तेथील स्थान शोभेचे नव्हते. बाजारातला पदार्थ प्रयोगशाळेत कसा तपासावा आणि त्याचा निष्कर्ष गृहिणीला समजेल अशा भाषेत कसा सांगावा, या दोन्ही गोष्टी त्यांना येत होत्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्यांनी ग्राहकसुरक्षेवर लेख लिहिले. १९८२-८३ या वर्षात त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या.

अखेरचा काळ

निवृत्तीनंतर दीर्घकाळ त्यांचे नाव विज्ञानाच्या वर्तुळाबाहेर फारसे घेतले जात नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना त्यांच्या कार्याची माहिती झाली, तेव्हा त्यांनी परिषदेतर्फे कमलाबाईंचा सत्कार दिल्लीत आयोजित केला. ही परिषद म्हणजे कुन्नूरच्या प्रयोगशाळेची पालकसंस्था. १९९८ मधील त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले. भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय महिला शास्त्रज्ञांविषयीच्या लीलावतीज डॉटर्स या ग्रंथात वसुमती धुरू यांनी लिहिलेला त्यांचा परिचय आहे. १८ जून २०२३ रोजी गूगलने त्यांच्या जन्मदिनानिमित्त डूडल प्रसिद्ध केले.

नाव आणि नोंदी

कमलाबाईंचे संशोधन शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बंगळूर आणि केंब्रिजमधील निबंध के. भागवत या नावाने आहेत. मुंबईतील कडधान्ये व नीरा यांविषयीचे निबंध के. सोहोनी या नावाने. ग्रंथसूचींत ही दोन नावे दोन स्वतंत्र व्यक्तींची म्हणून येतात, त्यामुळे केवळ सोहोनी या नावाने शोध घेणाऱ्याला नेचरमधील १९३९ चे टिपण सापडत नाही. विवाहाच्या वर्षावरून दोन्ही नावांची काटेकोर विभागणीही करता येत नाही. उच्च वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीचा सविस्तर निबंध न्यू फायटॉलॉजिस्ट या नियतकालिकात १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. विवाहाला तेव्हा चार वर्षे होऊन गेली होती आणि लेखिका मुंबईत प्राध्यापक होती. तरी रॉबिन हिल यांच्या नावाशेजारी तेथे भागवत हेच नाव आहे.